टर्बो पेट्रोल गाडी : आठ महिन्यांच्या वापरानंतर

माझी आधीची गाडी 1.5 लिटरची, टर्बो नसलेली पेट्रोल गाडी होती. गेले आठ महिने मी 1 लिटरची, तीन सिलिंडरची टर्बो गाडी वापरतो आहे आणि तिचे 11,000 किलोमीटर पूर्ण झाले आहेत.

ताकदीबद्दल मी पूर्ण समाधानी आहे. इंजिनातून बाहेर पडणाऱ्या तप्त वायूंवर टर्बाइन फिरते, त्याच दांड्यावरचा कॉम्प्रेसर सिलिंडरमध्ये जादा हवा कोंबतो आणि त्या हवेच्या प्रमाणात जादा पेट्रोल जाळता येते. त्यामुळे ज्या चढणीवर जुनी गाडी 4000 आरपीएमपर्यंत (इंजिनाचे मिनिटाला फेरे) ताणावी लागे, तिथे ही गाडी 2000 च्या आसपास, गिअर न उतरवता चढते. समुद्रसपाटीपासून 2000 मीटरवर हवा जवळपास पाचव्या हिश्श्याने विरळ होते, तरी तिथेही हिचा जोर फारसा कमी झाला नाही. मात्र गतिरोधक ओलांडून दुसऱ्या गिअरमध्ये, 1500 आरपीएमच्या खाली, पाय दाबला की गाडी क्षणभर थबकते आणि मग एकदम ओढ घेते. या विलंबाची सवय व्हायला मला महिना लागला.

मायलेजचा हिशेब मी दर वेळी टाकी काठोकाठ भरून ठेवला. महामार्गावर ताशी 80 च्या संथ वेगात लिटरला 20 किलोमीटर मिळतात, जुन्या गाडीपेक्षा तीन जास्त. पण ताशी 110 च्या वर, वारंवार ओव्हरटेक करत गेल्यास आकडा 13 वर येतो, आणि तो जुन्या गाडीपेक्षा कमी आहे. वेगाबरोबर वाऱ्याचा विरोध दोन्ही गाड्यांना वाढतो, म्हणून हा फरक मुख्यतः इंजिनाचा असावा. माझ्या मते बचत टर्बोमुळे होत नसून लहान इंजिनामुळे होते, कारण हलक्या भाराखाली त्यात घर्षण आणि हवा ओढून घेण्यात वाया जाणारी शक्ती कमी असते. दाबलेली हवा तापते, इंटरकूलर ती काही अंशी थंड करतो, तरी जोराच्या भाराखाली नॉकिंग (मिश्रण आपोआप पेटून होणारी ठकठक) टाळण्यासाठी इंजिनाची नियंत्रण प्रणाली ठिणगी उशिरा टाकते आणि मिश्रणात पेट्रोल वाढवते. शहराच्या गर्दीत दोन्ही गाड्या 12 च्या आसपासच राहिल्या.

टर्बोचा दांडा मिनिटाला लाखाहून अधिक फेरे घेतो आणि ऑइलच्या पातळ थरावर तोललेला असतो, म्हणून ऑइल बदलण्याची मुदत मी एकदाही चुकवलेली नाही. मोठी चढण संपवून थांबल्यावर इंजिन मिनिटभर आयडलवर ठेवतो आणि मगच बंद करतो.