बर्लिनचा आठवडी बाजार: दहा महिन्यांनंतरचा अनुभव

गेल्या ऑगस्टमध्ये बर्लिनला राहायला आले. तेव्हापासून भाजी, फळं आणि अंडी शक्यतो बाजारातूनच घेते. बुधवारी नाहीतर शनिवारी शोनेबर्गमधला विंटरफेल्टप्लाट्झ, आणि अधूनमधून मंगळवारी किंवा शुक्रवारी कालव्याकाठी भरणारा माइबाखउफरचा बाजार. इथे उत्तम ताजा माल मिळतो, पण उघड्यावर मांडलाय म्हणून तो ताजाच, असं धरून चालू नका.

सगळं अवलंबून आहे ते विकणारा शेतकरी आहे की व्यापारी यावर. हे कळायला मला दोन-तीन महिने लागले. लाकडी खोकी आणि हाताने लिहिलेल्या पाट्या दोघांकडेही असतात, पण व्यापाऱ्याचा माल पहाटे घाऊक बाजारातून उचललेला असतो. पाटीवर 'आउस आयगेनेम आनबाउ' दिसलं तर माल स्वतःच्या शेतातला. नसेल तर भावाशेजारी देशाचं नाव शोधा, बहुतेक फळांवर आणि भाज्यांवर ते लिहिणं बंधनकारक आहे. एप्रिलच्या सुरुवातीला एका स्टॉलवरून स्ट्रॉबेरी घेतल्या. वरचा थर लालबुंद, तळाशी बुरशी. पाटीवर स्पेन लिहिलं होतं आणि मी वाचलंच नव्हतं. फार वाईट वाटलं, कारण घरी पाहुणे यायचे होते.

भाजी स्वतः हाताने निवडायची सवय असेल तर ती इथे आवरावी लागते. बहुतेक ठिकाणी मालाला हात लावलेला आवडत नाही. त्याऐवजी कधी खायचंय ते सांगा. 'फ्यूर होय्टं', म्हणजे आजसाठी, म्हटलं की पिकलेला पेअर मिळतो. परवासाठी म्हटलं की विकणारा जरा कडक शोधून देतो. आणि 'आइन फुंट', म्हणजे एक पाउंड, इथे नेमकं अर्धा किलो. मी सुरुवातीला साडेचारशे ग्रॅम धरून हिशेब करत होते. सोबत सुटे युरो ठेवाच, कित्येक जण कार्ड घेत नाहीत.

अंड्यांसाठी बाजारच खरा, असं माझं ठाम मत झालंय. कवचावरचा पहिला आकडा कोंबडी कशी पाळली ते सांगतो: 0 म्हणजे सेंद्रिय, 1 मोकळ्यावर चरणारी, 2 शेडमध्ये सुटी, 3 पिंजऱ्यातली. पुढच्या 'डीई'चा अर्थ जर्मनी, आणि त्यानंतर 12 असेल तर ब्रांडेनबुर्ग, म्हणजे बर्लिनला वेढून असलेलं राज्य.

माइबाखउफरला मात्र मी शेतातलं काही शोधायला जात नाही. तिथे तुर्की विक्रेत्यांकडे कोथिंबीर-पुदिन्याच्या भरघोस जुड्या मिळतात, भेंडीही मिळते. संध्याकाळी बाजार उठताना भाव धडाधड उतरतात, पण तो माल त्याच रात्री शिजवायला हवा.

हिवाळा कठीण गेला. जानेवारी-फेब्रुवारीत शेतकऱ्यांच्या टेबलावर बटाटा, बीट, कोबी, सेलरीचे गड्डे आणि साठवणीतली सफरचंदं, एवढंच. टोमॅटोसाठी मी मुकाट्याने सुपरमार्केट गाठलं. ग्र्यूनकोल ही कुरळ्या पानांची भाजी तेवढी थंडी पडल्यावर गोड लागते, लसणाची फोडणी देऊन ती आम्ही आठवड्यातून दोनदा खाल्ली.

आणि मग एप्रिलच्या मध्यावर श्पार्गेल आला, पांढरा अ‍ॅस्परॅगस! बेलित्सचा घ्या, गाव बर्लिनपासून जवळच आहे. दोन कोंब एकमेकांवर घासले की करकर आवाज यायला हवा, आणि कापलेलं टोक ओलसर हवं. टोक सुकलेलं असेल तर भाव कितीही कमी असो, सोडून द्या. सोललेली साल फेकू नका, ती पाण्यात उकळून सूप होतं. 24 जूनला काढणी थांबते, कारण पुढच्या वर्षासाठी झाडाला ताकद धरायला वेळ द्यावा लागतो. अजून तीन आठवडे हातात आहेत, आणि दर शनिवारी माझ्या पिशवीत एक किलो असतोच.