साफ करून बसवलेला गिअर पोझिशन सेन्सर: आठ महिने आणि एक पावसाळा

गाडी टॉर्क कन्व्हर्टरवाली (क्लचऐवजी ऑइलमधून जोर पोचवणारी) ऑटोमॅटिक, नऊ वर्षं जुनी. रोज बेळगाव–खानापूर, शिवाय महिन्यातून दोन-तीनदा जांबोटी, कणकुंबीवरून चोर्ला घाट. मे महिन्यात सेन्सर काढून साफ केला, तोच परत बसवला. आता जानेवारी आहे. मधे अख्खा पावसाळा गेला म्हणून आत्ता लिहितोय, कारण या पार्टची खरी परीक्षा पाऊसच घेतो.

गॅरेजमध्ये याला कुणी इनहिबिटर स्विच म्हणतं, कुणी न्यूट्रल स्विच. गिअरबॉक्सच्या अंगावर, जिथे लिव्हरची केबल येऊन शाफ्टला जोडते, तिथेच तो बसतो. शाफ्ट फिरला की आतली पट्टी पितळी कंटाक्टवरून सरकते आणि गाडी पी (पार्क), आर (रिव्हर्स), एन (न्यूट्रल), डी (ड्राइव्ह) यांपैकी कशात आहे ते कंट्रोल युनिटला, म्हणजे गाडीच्या कॉम्प्युटरला कळतं. स्टार्टरला परवानगी देणं आणि रिव्हर्सचा दिवा लावणंही त्याच्याच हातात. म्हणून एका स्विचच्या बिघाडाची लक्षणं चार ठिकाणी दिसतात आणि माणूस भलतीकडेच शोधत बसतो.

इथली लक्षणं अशी होती: 'पी'मध्ये किल्ली फिरवली की स्टार्टर गप्प, 'एन'मध्ये टाकलं की लगेच चालू. मीटरवरचं अक्षर अधूनमधून गायब. घाटात मधेच गाडी एकाच गिअरला धरून बसायची, म्हणजे लिंप मोड, बिघाड जाणवला की गिअरबॉक्स वाचवायला गाडी आपोआप जिच्यात जाते ती अवस्था. स्कॅनरवर (गाडीच्या कॉम्प्युटरला जोडून बिघाड वाचायचं यंत्र) कोड पी ०७०५.

हा कोड आला की बरेच जण थेट नवा सेन्सर मागवतात. ते चूक आहे. कोड फक्त एवढंच सांगतो की सेन्सरच्या सर्किटमधून येणारा सिग्नल पटत नाही. सर्किटमध्ये वायर, कपलर (वायरी सेन्सरला जोडणारा प्लग), केबलची सेटिंग सगळंच आलं. आधी बॅटरी बघा: गाडी रात्रभर उभी राहिल्यावर १२.६ व्होल्टच्या आसपास हवी, १२.२ च्या खाली असेल तर चार्ज करूनच पुढे जा. मग हँडब्रेक ओढून, चाकांना दगड लावून, ब्रेकवर पाय ठेवून लिव्हर अगदी सावकाश पी ते डी फिरवा आणि स्कॅनरच्या लाइव्ह डेटावर नजर ठेवा. 'पी'मध्ये लिव्हर जरा पुढे दाबून धरल्यावर गाडी चालू होत असेल, तर बहुतेक वेळा केबल किंवा सेन्सर जागेवरून सरकलेला असतो, आणि नुसत्या सेटिंगने काम भागतं.

नाही भागलं तर बॅटरीची निगेटिव्ह काढून कपलर सोडवा. प्रत्येक पोझिशनला जोडलेल्या पिनांमध्ये मल्टीमीटरवर १ ओमच्या आत रीडिंग हवं, आणि मीटरचे काटे लावून धरले की ते स्थिर राहायला हवं. इथे 'पी'ला ४० च्या वर, तेही नाचणारं. कोणत्या पिना जोडायच्या ते त्या गाडीच्या वायरिंगच्या नकाशावरूनच ठरवा, अंदाजाने नको.

काढताना एक काळजी घ्या. शाफ्टवरच्या आर्मचा (केबल जोडलेल्या पट्टीचा) नट सोडताना आर्म दुसऱ्या पान्याने धरा, नाहीतर सगळा जोर गिअरबॉक्सच्या आतल्या भागावर जातो. दोन बोल्ट काढण्याआधी सेन्सर आणि केसिंग यांच्यावरून मार्करने एक सरळ रेघ मारून ठेवा.

आत जुनं ग्रीस मेणासारखं घट्ट झालेलं होतं. आयसोप्रोपिल अल्कोहोलने ते काढलं, मग कंटाक्ट क्लीनर मारला. पॉलिश पेपर लावू नका. वरचा मुलामा गेला की चार दिवसांत परत काळं पडतं. पेन्सिलचा खोडरबर पुरतो. पितळेत खोबण पडलेली दिसली तर साफसफाईचा उपयोग नाही, नवाच घ्या. आत लाल ऑइल असेल तर आधी शाफ्टचं ऑइल सील बदला.

बसवताना शाफ्ट 'पी'पासून दोन टक मागे, म्हणजे 'एन'ला. काही सेन्सरना जुळवायला भोकं असतात, काहींवर रेघ असते. ती जुळवूनच बोल्ट आवळा. शेवटी कोड पुसा. गाडी पी आणि एन सोडून कशातही चालू होता कामा नये, हे ब्रेक दाबून तपासा. स्विच बायपास करून गाडी देणारे आहेत. ते कधीही मान्य करू नका, गाडी 'डी'मध्ये चालू होऊन समोरच्या माणसावर जाऊ शकते.

एवढं करूनही जूनच्या दुसऱ्या आठवड्यात तोच कोड परत आला. सेन्सरचं रीडिंग ०.४ ओम, एकदम चोख. दोष कपलरमध्ये निघाला. रबरी सील एका बाजूला दुमडलेलं, तिसऱ्या पिनेवर हिरवट कळंक, आणि तीच पिन बाकीच्यांपेक्षा नखभर आत ढकललेली. वायरिंग वरून उतरत थेट कपलरमध्ये शिरत होतं, म्हणजे पाणी वायरीवरून ओघळून तिथेच जमायचं. पिन बदलली, सील नवं घातलं, त्यावर डायलेक्ट्रिक ग्रीसचा (वीज न वाहू देणारं, पाणी अडवणारं ग्रीस) पातळ हात फिरवला, आणि वायरिंगला कपलरच्या खाली झोळ देऊन क्लिप मारली. आता पाणी झोळाच्या तळाशी गळून जातं. त्यानंतर एकदाही कोड नाही.

आणखी एक कारण आपल्याकडचंच. चोर्ल्याहून आलं की तांबडा चिखल काढायला गाडी वॉशिंगला जाते आणि प्रेशरची बंदूक खालून थेट गिअरबॉक्सवर धरली जाते. तिथे साधी पाइप मारायला सांगा.

खर्च: क्लीनर, ग्रीस, पिन आणि सील धरून हजाराच्या आत. जानेवारीत परत मोजलं तेव्हा 'पी'ला ०.६ ओम. वाढ किरकोळ आहे, पण आहे. मे अखेरीला कपलर उघडून सील पुन्हा बघणार, आणि रीडिंग १ च्या वर गेलेलं असेल तर पावसाच्या आधीच नवा सेन्सर.