वेंगुर्ला-४ आणि वेंगुर्ला-७ : काजूची कलमं कशी आहेत, घेताना काय बघायचं

नवी बाग बियांची रोपं लावून उभी करू नका. काजूत परपरागीकरण, म्हणजे दुसऱ्या झाडाच्या परागांनी फळ धरणं, भरपूर होतं, त्यामुळे उत्तम झाडाची बी पेरली तरी पुढचं झाड तसंच निघेल याची खात्री नसते. एक झाड टपोरी बी देतं, शेजारचं नुसता पाला वाढवतं. बी लागते ती खुंटासाठी, म्हणजे ज्या रोपावर कलम बांधतात त्यासाठी. तेव्हाही पाण्यात बुडणारीच निवडावी आणि देठाकडची बाजू वर ठेवून पेरावी.

वेंगुर्ल्याच्या फळ संशोधन केंद्राच्या या दोन्ही जाती भरवशाच्या आहेत. १९८१ची वेंगुर्ला-४ लाल बोंडाची. बी ७.७ ग्रॅमची, गर ३१ टक्के. १९९७ची वेंगुर्ला-७ पिवळ्या बोंडाची. बी १० ग्रॅमची, गर ३०.५ टक्के. टक्केवारी जवळपास सारखीच, पण एका बीतला गर २.४ ग्रॅमवरून ३ ग्रॅमवर जातो आणि मोठ्या गराला दर चढा मिळतो. शिवाय वेचणी सोपी: किलोला १३० ऐवजी १०० बिया. आमची पसंती सातला.

अडचण एकच, पिशवीतल्या कलमाकडे बघून जात ओळखता येत नाही. म्हणून कलमं कोकण कृषी विद्यापीठाची किंवा शासनमान्य रोपवाटिकेतली घ्यावीत, आणि पावतीवर जात लिहून घ्यावी.

उंचीला भुलू नका. आधी सांधा बघा. मृदकाष्ठ (कोवळ्या लाकडाच्या) कलमात दीड-दोन महिन्यांच्या खुंटावर हव्या जातीची पेन्सिलीएवढी जाड काडी पाचर मारून बसवतात. दोघांची जाडी जुळली असेल तर सांधा सरळ भरतो. एका बाजूला फट किंवा फुगवटा दिसला तर ते कलम बाजूला ठेवा, जोराच्या वाऱ्यात ते तिथेच मोडतं. मग पिशवीचा तळ चाचपा. वर्षभराहून जास्त पिशवीत राहिलेल्या कलमाचं सोटमूळ तळाशी गुंडाळलेलं असतं. असं झाड नंतर जमीन धरत नाही. पाच-सहा महिन्यांचं कलम सर्वांत बरं.

लागवड पहिल्या पावसानंतर, ६० सेंमीच्या खड्ड्यात, ७ × ७ मीटरवर. सांधा जमिनीच्या किमान ५ सेंमी वर राहिला पाहिजे. सांध्यावरची प्लॅस्टिकची पट्टी आठवणीने सोडा. ती राहिली की खोड जाड होताना तिथेच आवळतं आणि झाड हळूहळू वाळतं, दोष मात्र कलमाला दिला जातो. काठीचा आधार द्या. सांध्याखालून येणारे फुटवे दिसताक्षणी काढा, ते खुंटाचे असतात. राहिले तर वरची जात मागे पडून हाती गावठी काजूच येतो.

कलमाला पहिल्या-दुसऱ्या वर्षीच मोहोर येतो. जीवावर येतं, पण तो खुडाच. फळ धरायचं तिसऱ्या वर्षापासून.