मुलीचा जिम्नॅस्टिक्स क्लास, बोरिवली: क्लास चांगला आहे, पण बॅच बघून घ्या

बोरिवली वेस्टला एका शाळेच्या हॉलमध्ये चालतो हा क्लास. नाव टाकत नाहीये, कारण खाली थोडं कडू पण लिहिलंय आणि लेक अजून तिथेच जाते. वय सहा, बिगिनर लेव्हल, महिन्याला साडेतीन हजार, अ‍ॅडमिशन फी आणि लिओटार्डचे (जिम्नॅस्टिक्सचा अंगाला घट्ट बसणारा ड्रेस) वेगळे. वीकेंडच्या बॅचला साडेचार स्टार, वीकडे संध्याकाळच्या बॅचला दोन. हो, क्लास एकच.

वीकेंडला मोठे सर स्वतः असतात, पटियालाच्या एनआयएसचा, म्हणजे राष्ट्रीय क्रीडा संस्थेचा कोचिंग डिप्लोमा केलेले, बोलणं अगदी मोजकं. सुरुवातीला कितीतरी दिवस त्यांनी पोरांना फक्त पडायला शिकवलं. बाहेर बसलेले आईबाबा वैतागले होते, एक बाबा म्हणाले अहो घरी सोफ्यावरून फुकटात पडतो की आमचा. पण बघत बसलं की कळायला लागतं ते काय करतायत. या वयाची मुलं तोल गेला की हात सरळ ताठ करून जमिनीवर टेकवतात, सगळं वजन कोपरावर येतं आणि कोपराच्या जरा वरचं हाड मोडतं, पाच ते सात वर्षांच्या मुलांमध्ये हे फ्रॅक्चर खूप कॉमन आहे, कुठल्याही हाडांच्या डॉक्टरला विचारा. सर हात आत घ्यायला लावतात, हनुवटी छातीला, पाठ गोल आणि लोळून जा. उडी मारून उतरताना गुडघे वाकलेले, पावलं थोडी लांब, हात पुढे, बाइकवर बसल्यासारखं, आणि तसंच थांबायचं. आता ही बाई घरी पलंगावरून पण तशीच उतरते.

त्यानंतर कोलांटी, ती पण उताराच्या मॅटवर, म्हणजे गती आपोआप मिळते आणि डोक्यावर जोर येत नाही. सरांचा एक हात मानेमागे, एक मांडीपाशी, आणि धरायच्या आधी सांगतात, आता मी इथे धरणार आहे हं. ही छोटी गोष्ट मला सगळ्यात जास्त आवडली. उलटी कोलांटी मात्र बरेच दिवस कोणालाच दिली नाही, कारण हातांनी नीट रेटा देता येत नसेल तर सगळा भार मानेवर येतो. बीमचं, म्हणजे तोल सांभाळत चालायच्या अरुंद पट्टीचं पण तेच. स्पर्धेतला बीम 10 सेंमी रुंद आणि 125 सेंमी उंच असतो, इथे आधी जमिनीवर टेपची रेघ, मग तेवढीच रुंदी पण मॅटवरच ठेवलेला, जमिनीपासून चार बोटं वर. आणि दर वेळी सुरू करायच्या आधी सर स्वतः चालत जाऊन दोन मॅटमधली वेल्क्रो दाबून बघतात, फटीत पाऊल गेलं की घोटा गेलाच. एका कोचमागे सातआठ मुलं. लाइनीत उभं राहून टिवल्याबावल्या करायला वेळच मिळत नाही, कारण एक गट रोल करतो तेव्हा दुसरा भिंतीला पाय लावून हँडस्टँडची तयारी करत असतो.

आता वीकडे. घरात लग्नकार्य होतं म्हणून शनिवार-रविवार जमेना, तेव्हा मंगळवार-गुरुवार पाठवलं. अठराएक मुलं, एक तरुण ताई (स्वभावाने खरंच गोड, तिचा दोष नाही), आणि एक हेल्पर दादा ज्याला कोणी काही शिकवलेलं दिसत नाही. हा दादा स्प्लिट करताना पोरांच्या खांद्यावर वजन टाकून दाबत होता, एक मुलगी रडायला लागली तर म्हणे थोडं दुखणारच. अरे ताण बसणं वेगळं आणि दुखणं वेगळं, स्नायू हळूहळू लांबतो, दाबून लांबत नाही, फाटतो. तिकडे छोट्या ट्रॅम्पोलिनवर एक मुलगा उडतोय आणि दुसरा चढतोय, दोघांची डोकी आपटायचीच राहिली होती. आणि अ‍ॅन्युअल शो जवळ आला म्हणून उभ्याने मागे कमान, परत परत, परत परत. लेकीचं मनगट दुखायला लागलं. मनगटाची हाडं या वयात वाढत असतात, सतत भार पडला की त्याच जागी दुखतं, पाठीचं पण तसंच. मी तिला शोमधून काढली, ती दोन दिवस बोलली नाही माझ्याशी, चालेल.

मोठ्या सरांना सांगितलं. ऐकून घेतलं, चिडले नाहीत. ट्रॅम्पोलिनवर एकावेळी एकच हा नियम त्याच आठवड्यात लागला, दाबणं पण बंद झालं, निदान मी असताना तरी. पण मुलांची संख्या तेवढीच आहे, म्हणाले माणसं मिळत नाहीत. खरं असेल, पण मग अ‍ॅडमिशन थांबवा ना.

अजून एक खटकलं. वीकेंडला पालक आत बसू शकतात, वीकडेला दार बंद, का तर मुलं डिस्ट्रॅक्ट होतात. हे मला मान्य नाही. अमेरिकेच्या टीमचा डॉक्टर लॅरी नासर कितीतरी वर्षं मुलींचं लैंगिक शोषण करत होता हे 2018 मध्ये कोर्टात सगळ्या जगाने ऐकलं, त्यामुळे इथले सगळे कितीही चांगले असले तरी बंद दाराचं जिम्नॅस्टिक्स मला नको. काच लावा, कॅमेरा लावा, काहीही करा.

आणि थोडं पालकांबद्दल पण, कारण घाई निम्मी आपलीच असते. आपली जिम्नॅस्ट दीपा कर्माकर, तिचं नाव सगळ्यांच्या तोंडी, रिओ ऑलिंपिकला 2016 मध्ये ती व्हॉल्टमध्ये (धावत येऊन टेबलावर हात टेकून मारायची उडी) चौथी आली, ब्राँझ फक्त 0.15 ने हुकलं. पण ती सहाव्या वर्षी सुरू झाली, तळवे सपाट होते त्यावरच आधी मेहनत घेतली, आणि रिओ तेविसाव्या वर्षी. सीनियर स्पर्धेत तर मुलींना 16 व्या वर्षाशिवाय उतरताच येत नाही. मग पहिलीतल्या पोरीला कार्टव्हील अजून का येत नाही म्हणून सरांना व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर छळायचं कशाला? सासूबाई दादरच्या, त्यांचं म्हणणं एवढे पैसे घालण्यापेक्षा शिवाजी पार्कला समर्थ व्यायाम मंदिरात दोरीच्या मल्लखांबाला घाला. मला पटतं पण, फक्त बोरिवलीहून संध्याकाळी दादर आणि परत, लहान पोरीला घेऊन त्या गर्दीत, कोण करणार.

घ्यायचा असेल तर वीकेंड बॅचच मागा, वेटिंग असली तरी थांबा, आणि ट्रायलला गेलात की मुलाकडे कमी, लाइनीकडे आणि हेल्परच्या हातांकडे जास्त बघा. पावसाळ्यात मॅटना कुबट वास येतो, ऊन मिळत नाही हॉलला, त्वचा नाजूक असेल तर घरी आल्या आल्या आंघोळ. कानातले काढून पाठवा, केस घट्ट बांधा, मोजे नकोत, अनवाणीच. पार्किंग नाही, रिक्षाने जा.