हँडल नसलेल्या ट्रॉल्या, 14 महिन्यांनंतर

स्वयंपाकघरातला जुना कडाप्प्याचा सांगाडा आणि स्टीलच्या जाळीच्या ट्रॉल्या काढून प्लायची कपाटं, खोल ड्रॉवर, नवा ग्रॅनाइटचा ओटा आणि हँडलांऐवजी गोला प्रोफाइल. म्हणजे ओट्याखालून आडवी जाणारी अ‍ॅल्युमिनियमची पन्हळ, तिच्यात बोटं घालून ड्रॉवर ओढायचा. वापर दोन्ही वेळच्या पूर्ण स्वयंपाकाचा, आठवड्यातून चार दिवस भाकरी. भाकरीचा उल्लेख मुद्दाम केलाय.

दिसायला उत्तम, हे आधीच मान्य. पदर किंवा खिसा अडकत नाही. जाळीच्या ट्रॉलीतून चमचे खाली पडायचे, ते बंद झालं. खालच्या खोल ड्रॉवरमध्ये कुकर, कढई, परात उभ्याने मावतात आणि मागचं भांडं काढायला गुडघ्यावर बसावं लागत नाही. एवढ्यासाठीच बदल केला असता तरी पैसे वसूल होते.

पण पन्हळ ती पन्हळच. तिला उतार नाही, बाहेर जायला वाट नाही, आणि ती नेमकी ओट्याच्या कडेखाली आहे. भाकरीचं पीठ, हळद, फोडणीतली मोहरी, डाळ धुताना सांडलेलं पाणी, सगळं तिथे. पीठ आणि पाणी एकत्र आलं की दोन दिवसांत त्याची खळ होते आणि कोपऱ्याच्या जोडात दगडासारखी बसते. शिवाय अ‍ॅनोडाइज्ड अ‍ॅल्युमिनियमला अ‍ॅसिड चालत नाही आणि धुण्याचा सोडाही नाही, पृष्ठभाग डागाळतो. उरतो भांड्यांचा सौम्य साबण, कोमट पाणी आणि दात घासायचा जुना ब्रश. क्षाराच्या पाण्याचे पांढरे डाग पडले की पुरते जात नाहीत, म्हणून रोज रात्री पन्हळ कोरडी पुसणं आलं. हे काम कुठल्याही कॅटलॉगमध्ये लिहिलेलं नसतं.

इथवरचं वाचून कोणी म्हणेल की प्रोफाइलच वाईट. पाचव्या महिन्यापर्यंत माझंही तेच मत होतं. ते अर्धं बदललं, कारण सिंकपासून दोन फूट लांबच्या पन्हळीतही पाणी मिळायला लागलं. ओट्याच्या कडेखालून बोट फिरवल्यावर कारण कळलं: दगडाचा खालचा भाग ओला होता. कडेला हाफ-राउंड मोल्डिंग, म्हणजे अर्धगोल घासलेली कड, असेल तर पाणी कडेवरून सरळ खाली पडत नाही. गोलाईला चिकटून खाली वळतं, दगडाच्या पोटाला धरून आत सरकतं आणि मग टपकतं. तोवर ते शटरच्या (कपाटाचं दार किंवा ड्रॉवरची दर्शनी फळी) मागे गेलेलं असतं, म्हणजे थेट पन्हळीत.

ओटा शटरच्या 20 मिमी तरी पुढे असायला हवा. 560 मिमीचं कपाट, 18 मिमीचं शटर, 600 मिमीचा ओटा, कागदावर हिशेब बसतो. पण भिंत ओळंब्यात नसली की सुतार कपाट सरळ बसवण्यासाठी पुढे ओढतो आणि दगड आधीच कापून आलेला असतो. इथे 14 मिमीच उरले. हँडलच्या ट्रॉल्यांना याने काही बिघडत नाही, पाणी शटरवरून ओघळतं आणि पुसलं जातं. गोला प्रोफाइलला मात्र या सहा मिमीचा फार फरक पडतो.

खरा उपाय ओटा बसवण्याआधीचा आहे. ग्रॅनाइटवाल्याकडून कडेच्या खालच्या बाजूला 4-5 मिमी रुंद आणि तेवढीच खोल खाच मारून घ्यायची, शटरच्या रेषेच्या पुढे येईल अशी. खिडकीवरच्या छज्जाला गवंडी खालून पागोळीसाठी खाच ठेवतो, तीच ही. पाणी खाच ओलांडू शकत नाही, तिथेच सुटून पडतं. कडही हाफ-राउंड नको, सरळ ठेवा आणि फक्त टोकदारपणा मारून घ्या.

ओटा बसून गेला असेल तर 10 × 10 मिमीचा अ‍ॅल्युमिनियम अँगल. उभा पाय पुढे आणि खाली, आडवा पाय मागे दगडाला चिकटवायचा. दगडाचं पोट आधी स्पिरिटने पुसा आणि रात्रभर कोरडं राहू द्या. सिलिकॉन न्यूट्रल क्युअरचंच घ्या. व्हिनेगरसारखा वास येणारं स्वस्त सिलिकॉन अ‍ॅल्युमिनियमला खातं. मास्किंग टेपने अँगल धरून ठेवायचा आणि 24 तास सिंक वापरायचं नाही. 10 पेक्षा मोठा अँगल घेऊ नका, बोटं घालायची फट अडते. सिंकसमोर आणि दोन्ही बाजूंना मिळून चार फूट पुरले. पाण्याची तक्रार जवळजवळ संपली. पिठावर याचा काही उपयोग नाही.

दुसरी गोष्ट जास्त गंभीर आहे, कारण ती दिसत नाही. प्रोफाइल बसवायला प्रत्येक कपाटाच्या उभ्या फळीला वर खाच कापतात. फळीच्या बाकीच्या कडांवर कारखान्यात पट्टी चढलेली असते, ही खाच मात्र उघडी राहते आणि प्रोफाइलमागे झाकली जाते. पन्हळीतलं पाणी टोकाला गेलं की तिथून फळी ते पिते. सिंकच्या कपाटाची फळी पावसाळ्यानंतर तिथे फुगली. प्लाय आयएस 710 ची, म्हणजे पाण्याला टिकणारी मरीन प्लाय होती म्हणून फुगवटा नखाएवढा राहिला. पार्टिकल बोर्ड असता तर भुसा झाला असता. कंत्राटदाराचं उत्तर: "पाणी सांडू देऊ नका." स्वयंपाकघरात!

तेव्हा प्रोफाइल चढण्याआधी समोर उभं राहून प्रत्येक खाचेला पीयू (पॉलियुरेथेन) सीलरचे दोन हात मारून घ्या आणि टोकांना सिलिकॉन भरून घ्या. एक ट्यूब आणि अर्धा तास. सगळ्यात शहाणपणाचं म्हणजे सिंकच्या कपाटाला प्रोफाइल देऊच नका, साधं हँडल लावा. सलग रेषा तुटते, तुटू दे.

बाकीचं थोडक्यात. मॅट गडद लॅमिनेटवर तेलाचा हात दिसतो, फिकट राखाडीवर दिसत नाही. टाइल्सच्या सांध्यांत इपॉक्सी ग्राउट भरलं ते बरं झालं. साध्या सिमेंट ग्राउटमध्ये हळद मुरते. बिजागऱ्या आणि सॉफ्ट-क्लोज चॅनेल एकदाही कुरकुरले नाहीत, एक शटर उतरलं होतं ते बिजागरीच्या स्क्रूने दोन मिनिटांत वर आलं. हँडलांचे पैसे वाचतात हे मात्र खोटं. प्रोफाइल, ब्रॅकेट, कोपऱ्याचे जोड आणि टोकाच्या टोप्या धरून बिल वरच जातं.

आणि जागा जाते. प्रोफाइल वरच्या ड्रॉवरची जवळजवळ 60 मिमी उंची खातं. चमचे, चिमटा, सांडशी ठीक, पण झारा आणि डाव उभे राहत नाहीत, आडवे टाकावे लागतात. पन्हळीचा तो जुना ब्रशही तिथेच, झाऱ्याशेजारी.