लाईट गेल्यावर नाही, आल्यावर बंद पडतो : राउटर आणि मिनी यूपीएस, नऊ महिन्यांनंतर

लाईट गेली की नेट जातं, यात नवल काही नाही. या सेटमध्ये उलटं होतं. लाईट गेली तरी नेट चालू, आणि लाईट आली की बंद. तेही दरवेळी नाही. दोन-पाच मिनिटं गेली तर काहीच होत नाही. तास-दीड तास गेली, की परत येताच राउटरचे सगळे दिवे विझतात, लागतात, पुन्हा विझतात, आणि यूपीएसमधून टिकटिक ऐकू येते. हे कोडं सुटायला सात महिने लागले आणि साडेतीनशे रुपये. बाकीचा रिव्ह्यू त्यापुढे किरकोळ आहे, तरी तोही लिहितो.

आधी सेट काय ते. फायबर कनेक्शन, १५० एमबीपीएसचा ५९९ रुपयांचा प्लॅन. १८ टक्के जीएसटी धरून ७०७ पडतात. वरचे १०८ रुपये जाहिरातीत कुठं दिसत नाहीत. कंपनीचा ओएनटी (फायबरची तार ज्यात येते तो डबा) पुढच्या खोलीत. आतल्या घरासाठी विकत घेतलेला एसी १२०० वर्गातला ड्युअल बँड (२.४ आणि ५ गिगाहर्ट्झ असे दोन सिग्नल देणारा) राउटर, सगळे पोर्ट गिगाबिट. दोघांना मिळून एक मिनी यूपीएस, त्यावर ८८०० एमएएच छापलेलं, वाय केबलने दोन पिना काढलेल्या. घर बीड जिल्ह्यातल्या माजलगावकडचं, पुढं स्लॅब, मागं जुनं दगड-मातीचं माळवद.

आता ती टिकटिक. यूपीएसच्या कागदावर सूचना आहे की राउटरचंच ॲडॉप्टर काढून यूपीएसच्या इनपुटला लावा. राउटरचं ॲडॉप्टर १२ व्होल्ट, दीड अँपिअर, म्हणजे १८ वॉट. ओएनटी साडेपाच वॉट खातो (त्याचं वायफाय बंद ठेवलंय), राउटर सहा. झाले साडेअकरा. लाईट असताना आणि बॅटरी भरलेली असताना हे आरामात चालतं. पण दीड तासाने लाईट येते तेव्हा बॅटरी रिकामी झालेली असते आणि यूपीएस स्वतःच्या चार्जिंगला आणखी आठ-नऊ वॉट ओढतो. बेरीज वीसच्या आसपास. ॲडॉप्टरला ते झेपत नाही, व्होल्टेज बसतं. मीटर लावून पाहिलं तर पिनेवर ९.६ व्होल्ट. त्यावर राउटर उभा राहत नाही. यूपीएसला वाटतं लाईट गेली, तो बॅटरीवर येतो. भार उतरला की ॲडॉप्टर पुन्हा १२ दाखवतो. यूपीएस पुन्हा त्याच्यावर जातो, पुन्हा बसतं. हीच ती टिकटिक. दोन मिनिटांच्या कटात बॅटरी जवळपास भरलेलीच असते, चार्जिंगचा करंट किरकोळ, म्हणून काही होत नाही. दुकानदार काउंटरवर प्लग काढून लगेच लावून दाखवतो, त्यात हे कधीच दिसणार नाही.

उपाय एकच : इनपुटला १२ व्होल्ट, ३ अँपिअरचं ॲडॉप्टर. सीसीटीव्हीवाल्याकडे मिळतं, ३५० रुपये. अँपिअर जास्त असलं तर काही बिघडत नाही, वस्तू आपल्याला लागेल तेवढाच करंट घेते. व्होल्ट मात्र १२ म्हणजे १२च. जुने काही राउटर ९ व्होल्टचे आहेत, काही लहान डबे ५ चे. बुडाचं स्टिकर वाचल्याशिवाय पिन खुपसायची नाही.

आणि पिन! बाहेरून सगळ्या ५.५ मिलिमीटरच्या, एकसारख्या दिसतात. आतलं भोक मात्र २.१ किंवा २.५ असतं. २.१ च्या सॉकेटवर २.५ ची पिन बसते, पण ढिली. मग टेबलाला धक्का लागला, झाडताना वायर हलली, की राउटर रीस्टार्ट. लोक म्हणतात "नेट सारखं तुटतंय", कंपनीला फोन करतात, कंपनी लाईन तपासते, लाईन ठणठणीत. उलट, २.१ ची पिन २.५ च्या सॉकेटवर जातच नाही; जोर लावला तर सॉकेटचा काटा मोडतो आणि ओएनटी कंपनीचा असल्याने दंड तुमच्याकडून. या सेटसोबत आलेल्या वाय केबलची एक पिन २.१ आणि एक २.५ होती. एकाच पाकिटात! याला काय म्हणावं.

कुणी विचारेल, घरात इन्व्हर्टर असताना हा उद्योग कशाला. इन्व्हर्टरच्या मागं एक बटण असतं, यूपीएस मोड आणि नॉर्मल मोड. नॉर्मलमध्ये लाईटवरून बॅटरीवर यायला जो क्षण लागतो तेवढ्यात स्वस्त ॲडॉप्टरचा जीव जातो आणि राउटर रीस्टार्ट होतो. परत लाइनीवर यायला ओएनटीला दोन-तीन मिनिटं, राउटरला एक. दिवसात सहा वेळा लाईट गेली-आली तर बारा वेळा हा खेळ. यूपीएस मोडमध्ये बदल पटकन होतो, पण त्या मोडला साधारण १८० ते २६० व्होल्टच्या आतली लाईट लागते. उन्हाळ्यात संध्याकाळी डीपीवर भार चढला की व्होल्टेज १७० ला येतं. इन्व्हर्टरला ते "लाईट नाही" असंच वाटतं, तो बॅटरी पीत बसतो आणि रात्री खरी लाईट जाते तेव्हा पंखाही फिरत नाही. शहरात, जिथं व्होल्टेज बरं असतं, तिथं बटण यूपीएसवर टाका आणि मिनी यूपीएसचे पैसे वाचवा. गावात बटण नॉर्मलवरच बरं.

आता त्या ८८०० आकड्याबद्दल. आत १८६५० आकाराचे चार सेल, प्रत्येकी २२०० एमएएच. बेरीज ८८०० खरी, पण ती ३.७ व्होल्टवर. म्हणजे साडेबत्तीस वॉट-अवर. त्याचं १२ व्होल्ट करताना पंधरा टक्के तरी उष्णतेत जातात, उरतात साडेसत्तावीस. साडेअकरा वॉटला दोन तास पंचवीस मिनिटं. पहिल्या आठवड्यात मोजलं तेव्हा जवळपास तेवढंच निघालं. डब्यावर "६ तास बॅकअप" छापलंय. पाच वॉटचा एकच डबा लावला तरी हे साडेपाच तासांच्या वर जात नाही. छापणाऱ्याने जीएसटी तरी भरला असेल का, कोण जाणे.

नवव्या महिन्यात तोच बॅकअप एक तास वीस मिनिटांवर आलाय. दोष निम्मा सेलचा, निम्मा जागेचा. लिथियम सेल पूर्ण भरलेला ठेवून चाळीसच्या वर तापवला की झपाट्याने म्हातारा होतो. एप्रिल-मेमध्ये आपल्याकडं बाहेर ४२-४३ असतं, आणि हा डबा राउटरच्या अंगावरच ठेवलेला होता. राउटरचंही स्टिकर बघा, चालण्याचं तापमान बहुतेक ० ते ४० अंश लिहिलेलं असतं. पत्र्याच्या खोलीत दुपारी हे केव्हाच ओलांडलं जातं. यूपीएस राउटरपासून वीतभर तरी लांब, खाली, फरशीजवळ ठेवावा. राउटरवर यूपीएस, यूपीएसवर ओएनटी असा मनोरा रचू नये. सेल फुगलेला दिसला, झाकण वर उचललं, तर त्याच दिवशी काढून बाहेर.

रेंजबद्दल पहिल्या महिन्यात मी दोनच तारे दिले असते. पाच गिगाहर्ट्झ पलीकडच्या खोलीत पोचत नव्हतं. ते मत आता मागं घेतो. राउटर देवळीत ठेवलेला होता, शेजारी लोखंडी कपाट. माळवदाच्या घरात दीड-दोन फुटांची दगड-मातीची भिंत असते. पाच गिगाहर्ट्झ तिथं अडकणारच, कुठल्याही किमतीचा राउटर आणा. १९९३ च्या भूकंपानंतर किल्लारीच्या बाजूला जी नवी घरं उभी राहिली त्यांत भिंती पातळ आहेत, तिथं एकच डबा पुरून जाईल. माळवदात नाही पुरत. राउटर देवळीतून काढून दाराच्या चौकटीच्या उंचीवर, कपाटापासून लांब लावला, आणि पाच गिगाहर्ट्झवर दोन खोल्या मिळाल्या. मागच्या ओसरीत २.४ च चालतं आणि मोबाईलला तेवढं पुरतं. २.४ ला चॅनेल ऑटो न ठेवता १, ६ किंवा ११ मधला जो रिकामा असेल तो, रुंदी २० मेगाहर्ट्झ. गच्चीवरच्या पत्र्याच्या खोलीचं विसरा, खालून सिग्नल जाणार नाही; तिथं वायरच न्यावी लागते.

वायरीवरून आठवलं. ओएनटीपासून राउटरपर्यंतची लॅन केबल जोडणाऱ्या पोराने टोकाच्या कनेक्टरात चारच तारा दाबून बसवल्या (क्रिंप केल्या) होत्या. १०० एमबीपीएसला १, २, ३ आणि ६ नंबरच्या तारा पुरतात, वेळ वाचतो. पण मग १५० चे पैसे भरून स्पीड ९४ वर अडकतो, कितीही टेस्ट करा. आकडा ९३-९४ वर येऊन थांबत असेल तर कंपनीला शिव्या देण्याआधी केबलची दोन्ही टोकं बघा. आठही तारा हव्यात : पांढरा-केशरी, केशरी, पांढरा-हिरवा, निळा, पांढरा-निळा, हिरवा, पांढरा-तपकिरी, तपकिरी. दोन्ही टोकांना हाच क्रम.

राउटर जोडायचा कसा यावर अर्ध्या लोकांची गफलत होते. केबल वॅन पोर्टला (बाहेरचं नेट आत घेणारा पोर्ट) लावली की राउटर घरात दुसरं नेटवर्क तयार करतो. नेट चालतं, पण पुढच्या खोलीतला प्रिंटर मागच्या खोलीतल्या लॅपटॉपला सापडत नाही. सेटिंगमध्ये ॲक्सेस पॉइंट मोड असेल तर तो चालू करा, संपलं. नसेल तर नव्या राउटरचा पत्ता १९२.१६८.१.२ करा (ओएनटीचा बहुधा १९२.१६८.१.१ असतो, दोघांचा एकच राहिला तर गोंधळ), डीएचसीपी (घरातल्या फोन-लॅपटॉपना पत्ते वाटण्याचं काम) बंद करा, आणि केबल लॅनमधून लॅनमध्ये. वॅन पोर्ट रिकामा.

ओएनटीच्या मागं रीसेटचं भोक असतं. कस्टमर केअरची मुलगी सांगते "सर, पिन टाकून दहा सेकंद दाबा". दाबू नका. त्यात कंपनीच्या लॉगिनचं (पीपीपीओई) युजरनेम, पासवर्ड, व्हीलॅनचा क्रमांक सगळं पुसलं जातं, आणि ते परत भरायला माणूस येईपर्यंत घर कोरडं. इथं त्याला चार दिवस लागले आणि वर २०० रुपये मागितले. बंद करून चालू करणं वेगळं, रीसेट वेगळं. सेटिंगच्या पानांचे फोटो पहिल्याच दिवशी काढून ठेवा. फोनवर काहीही बोलणं झालं तरी तक्रार क्रमांक मागून घ्या. दूरसंचार नियामक प्राधिकरणाच्या २०१२ च्या नियमांप्रमाणे तक्रार सुटली नाही तर कंपनीच्याच अपिलीय प्राधिकरणाकडं जाता येतं, पण तो क्रमांक लागतोच. अपील करणार म्हटल्यावर २०० रुपयांचा विषय आपोआप संपला.

यूपीएस घेण्याआधी एक खात्री मात्र करा. चौकातल्या डब्यात स्प्लिटर (एका फायबरच्या अनेक वाटा करणारा) आहे की विजेवर चालणारा स्विच? स्प्लिटरला करंट लागत नाही, नुसती काच आहे. काही केबलवाले मात्र खांबावर स्विच बसवतात. गल्लीची लाईट गेली की तो मेला, मग घरात कितीही मोठा यूपीएस असो. तपासायचं सोपं आहे : इन्व्हर्टर चालू असताना गल्लीत लाईट गेली, ओएनटीवरचा पॉन (फायबर जोडलेलं असल्याचा) दिवा स्थिर राहिला आणि नेट चाललं, तर पुढं बॅकअप आहे. लॉसचा (सिग्नल गेल्याचा) लाल दिवा लागला तर पैसे वाया घालवू नका.

फायबर बाबतीत फार काही नाही. ओएनटीच्या सेटिंगच्या पानावर येणारा सिग्नल साधारण उणे १८ ते उणे २४ डीबीएम (सिग्नलच्या ताकदीचं माप, उणे आकडा वाढेल तसा सिग्नल कमजोर) असावा. उणे २७ म्हणजे कडेलोट. हिरवा कनेक्टर हिरव्यातच, निळ्यात घातला तर सिग्नल पडतो. गळीत हंगामात उसाच्या ट्रॉल्या केबल ओढून नेतात, मग जोड वाढत जातात. वेल्डिंगच्या जोडात सिग्नल नगण्य जातो, हाताने बसवलेल्या फास्ट कनेक्टरात जास्त, आणि हा तोटा दिवसेंदिवस वाढतो. जोडायला आलेल्या माणसाला वेल्डिंगचं मशीन आणलंय का ते विचारा.

वळवाच्या पावसात वीज कडाडायला लागली की ॲडॉप्टर भिंतीतून काढायचं, नुसतं बटण बंद करून भागत नाही. फायबर काच आहे, पण खांबावरून घरात येणाऱ्या ड्रॉप केबलमध्ये स्टीलची तार असते. ती स्टीलची तार (काच नव्हे) बाहेर क्लॅम्पलाच तोडून थांबवावी. अर्थिंगच्या खड्ड्यात उन्हाळाभर आठवड्याला दोन बादल्या पाणी टाका, काळी माती सुकून भेगाळली की अर्थिंग नावालाच उरतं.

तारे : राउटरला साडेचार. अर्धा कापला तो दीड अँपिअरच्या ॲडॉप्टरसाठी. मिनी यूपीएसला अडीच, आणि नवं ॲडॉप्टर धरून साडेतीन. चार नवे सेल टाकायचे ठरवलेत, पण ते पत्ती स्पॉट-वेल्डिंग केलेलेच घेणार. थेट सेलवर सोल्डर लावणाऱ्या दुकानात हा डबा जाणार नाही. वाय केबलची २.५ ची पिन कापून तिथं २.१ ची बसवली, पंधरा रुपयांत.