२४ एमएमची शिफ्ट लेन्स आणि कॅन्ससमधला यूएस-२४: बरेच महिने वापरल्यावर

कॅननची टीएस-ई २४ एमएम एफ/३.५ एल, दुसरी आवृत्ती, गेल्या हिवाळ्यात सेकंडहँड घेतली, आता इकडे मका-सोयाबीनची काढणी चालू झालीय, म्हणजे सगळे ऋतू बघून झाले, तेव्हा आता लिहायला हरकत नाही. आधीच सांगतो, घरातली पोरं, वाढदिवस, गणपतीचा कार्यक्रम यासाठी ही लेन्स नाही, हिला ऑटोफोकसच नाही. मी घेतली ती एकाच कामासाठी. आम्ही कॅन्सस सिटीजवळ राहतो आणि इथून पश्चिमेला यूएस-२४ हा हायवे धरला की एकामागून एक छोटी गावं लागतात, त्यांच्या मेन स्ट्रीटवरच्या विटांच्या आणि चुनखडीच्या इमारती दरवर्षी कुठेतरी एखादी पडते किंवा पाडतात, त्या पडायच्या आधी नीट, सरळ, पायापासून माथ्यापर्यंत फोटोत ठेवायच्या होत्या.

शिफ्ट म्हणजे काय ते ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. इमारतीसमोर उभं राहून कॅमेरा वर तिरका केला की भिंती मागे कलल्यासारख्या दिसतात. इथे कॅमेरा लेव्हलमधेच ठेवायचा आणि नॉब फिरवून लेन्सच १२ एमएमपर्यंत वर सरकवायची, भिंती ताठ राहतात आणि माथा फ्रेममधे येतो. साधारण ३० फुटांवर उभे असाल तर साध्या २४ एमएमला आडव्या फ्रेममधे दुमजली दुकानाचा वरचा भाग कापला जातो, शिफ्ट केल्यावर आणखी १५ फूट उंची मिळते. गावातला काँक्रीटचा ग्रेन एलेव्हेटर, म्हणजे धान्याचं ते शंभर-सव्वाशे फुटी कोठार, उभ्या फ्रेममधे शंभर फुटांवरूनही पूर्ण येतं. नाहीतर मागे सरकत सरकत रेल्वेच्या रुळांपलीकडे जावं लागतं आणि मधे तारा, खांब, पिकअप ट्रक सगळं येतं.

आता माथा फोटोत यायचा एवढा हट्ट कशाला, असं बरेच जण विचारतात. अहो, सगळी माहिती तिथेच असते! वरच्या कॉर्निसवर, म्हणजे माथ्याच्या नक्षीदार पट्टीवर, साल कोरलेलं असतं, आणि कॅन्ससमधे अशा सालांची गर्दी १८८० च्या दशकात दिसते, कारण तेव्हा जमिनीचा प्रचंड बूम होता आणि १८८७-८८ मधे तो फुटला. कुठे आयओओएफ अशी अक्षरं असतात, म्हणजे वरच्या मजल्यावर ऑड फेलोज या बंधुभाव संघटनेच्या शाखेचा हॉल होता आणि खाली दुकान. आणि खालचा भाग तितकाच महत्त्वाचा. लोखंडी खांबाच्या पायथ्याशी वाकून बघा, बऱ्याचदा तिथे मेस्करचं नाव ओतलेलं सापडतं. सेंट लुईसचे मेस्कर ब्रदर्स आणि इव्हान्सव्हिलचा त्यांचाच भाऊ जॉर्ज मेस्कर, दोन्हीकडून दुकानांची अख्खी दर्शनी बाजू कॅटलॉगमधून मागवता यायची, पत्र्याची कॉर्निस, लोखंडी खांब सगळं रेल्वेने यायचं आणि गावातला गवंडी ते विटांच्या भिंतीवर बसवायचा. म्हणजे माथा आणि पाया दोन्ही एका फोटोत, वाकडे न होता आले तरच ती इमारत वाचता येते, आणि त्यासाठी या लेन्सइतकं सोयीचं मला दुसरं काही सापडलं नाही.

सॉफ्टवेअरमधे भिंती सरळ करता येतात की, हो येतात, आणि फोटो फक्त फोनवर दाखवायचे असतील तर तेवढं पुरे, पैसे वाचवा. पण वरचा भाग ताणला जातो, कडा कापाव्या लागतात, आणि विटेवर रंगवलेली जुनी जाहिरात, पीठ-तंबाखू-सोड्याची, आधीच पुसट झालेली असते, तिची अक्षरं त्या ताणण्यात आणखी जातात. मला ती वाचता यायला हवी होती. पूर्ण शिफ्टला कोपरे थोडे मऊ होतात, अ‍ॅपर्चर एफ/८ ते एफ/११ ठेवलं की काम भागतं. पोलरायझर, म्हणजे आकाश गडद करणारा फिल्टर, शक्यतो लावू नका, एवढ्या वाइड लेन्सवर आकाश एका बाजूला गडद आणि एका बाजूला फिकट येतं.

ट्रायपॉड पाहिजेच, आणि जड पाहिजे, कारण कॅन्ससचा वारा. बॅग खाली लटकवा. लेन्सच ७८० ग्रॅम, वर बॉडी, ट्रायपॉड, खांदा दुखतो. एका फोटोला पाच-दहा मिनिटं सहज जातात, लेव्हल बघा, शिफ्ट करा, फोकस मोठा करून तपासा. पण या संथपणामुळे जे मिळालं ते कुठल्याही स्पेसिफिकेशनमधे लिहिलेलं नसतं. रस्त्यात ट्रायपॉड लावून माणूस इतका वेळ उभा दिसला की कोणीतरी पिकअप थांबवतंच. ओसबॉर्नच्या अलीकडे एका गावात एक आजोबा उतरले, काय चाललंय विचारलं, आणि मग तासभर प्रत्येक दुकान दाखवत राहिले, इथे औषधांचं दुकान, इथे न्हावी, शनिवारी संध्याकाळी गाडी लावायला जागा मिळायची नाही. एकदा शेरीफचा माणूसही आला, नीट सांगितल्यावर हात हलवून गेला. सार्वजनिक रस्त्यावरून फोटो काढायला अडचण नसते, पण दार उघडं दिसलं म्हणून आत जाऊ नका, ती कोणाची तरी मालमत्ता आहे, विचारा, बहुतेक जण किल्लीच काढून देतात.

ही गावं का रिकामी झाली हे पण रस्त्यावरच दिसतं. वाफेचं इंजिन आणि शेतकऱ्याची घोडागाडी यांच्या हिशोबाने काही मैलांवर एकेक गाव वसवलं होतं, १८६२ च्या होमस्टेड कायद्याने, म्हणजे सरकारी जमीन कसणाऱ्याला देणाऱ्या कायद्याने, १६० एकरांची शेतं. मग ट्रॅक्टर आले, शेतं मोठी झाली, शेतकरी कमी झाले, दक्षिणेला आय-७० हा मोठा हायवे झाला, १९६३ च्या कायद्याने शाळा चालवणारे छोटे स्थानिक जिल्हे एकत्र केले, आणि हायस्कूल गेलं की गावाची शुक्रवारची फुटबॉलची रात्रच गेली. धान्य मात्र कमी झालेलं नाही, जूनमधे गव्हाच्या वेळी जाऊन बघा, मेन स्ट्रीटवर चिटपाखरू नाही आणि एलेव्हेटरसमोर ट्रकची रांग. मला तरी हे दृश्य सगळ्यात अस्वस्थ करतं, कारण जमीन हरलेली नाही, फक्त तिला आता माणसं लागत नाहीत.

या रस्त्यावर एकच ठिकाण बघायचं असेल तर निकोडेमस बघा. गुलामगिरीतून सुटलेली केंटकीची कृष्णवर्णीय कुटुंबं १८७७ मधे इथे आली, पहिला हिवाळा जमिनीत खोदलेल्या घरांत काढला, गाव उभं केलं, आणि १८८८ पर्यंत नक्की झालं की रेल्वे इथून जाणार नाही, नदीपलीकडून गेली. दुकानं तिकडे बोग या गावाला गेली. आज मोजकी माणसं राहतात, पण टाउनशिप हॉल, दोन चर्चेस, हॉटेल आणि शाळा अशा पाच जुन्या इमारती आहेत, १९९६ पासून नॅशनल हिस्टॉरिक साइट आहे, आणि दरवर्षी जुलैच्या शेवटी होमकमिंगला, म्हणजे गावी परतायच्या मेळाव्याला, देशभरातून वंशज येतात. फोटो काढायला त्याच वेळी जा. रिकाम्या इमारतींचे उदास फोटो सगळेच काढतात, मला ते एकटे आता अपुरे वाटतात.

घ्यावी का? इमारतींची नोंद ठेवायची असेल आणि घाई नसेल तर डोळे झाकून, पण सेकंडहँडच बघा, नवी फार महाग पडते. क्रॉप, म्हणजे लहान सेन्सरच्या कॅमेऱ्यावर ती ३८ एमएमसारखी वागते, तिथे मजा अर्धी. आणि फोटो फक्त स्वतःच्या हार्ड डिस्कमधे ठेवू नका, तारीख, रस्त्याचं नाव, कुठल्या दिशेला तोंड करून काढला हे लिहून त्या कौंटीच्या हिस्टॉरिकल सोसायटीला फाइल्स द्या. दुकान कोणतं होतं ते कळत नसेल तर लायब्ररी ऑफ काँग्रेसच्या साइटवर सॅनबॉर्नचे जुने आगविम्याचे नकाशे फुकट आहेत, बऱ्याच गावांचे मिळतात, त्यात इमारतीगणिक धंदा लिहिलेला असतो, घरून निघायच्या आधी तेवढं बघून ठेवा.